कांद्याला पाणी पाजणे

गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुण्यातल्या एका नर्सरीत मी ३५० रुपयांना एक कांदा विकत घेतला. दुकानदार म्हणाला, "दोन घ्या, ६०० ला देतो." शंभर रुपये वाचवण्यासाठी आणखी अडीचशे घालवायचे, हे गणित मला तिथं उभ्या-उभ्या पटलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, गणित नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

दोन्ही कांदे पुण्यापासून आटपाडीपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणले. शेजारच्या पाव्हण्यानं म्हसवड येईपर्यंत दम धरला. मग त्याच्याच्यानं राहवेना.

"काय झालंय म्हनायचं?"

"अमॅरिलिस."

"आरारा! मग किती दिवस सांगितल्यात?"

"सहा ते आठ आठवडे. म्हणजे सगळं नीट झालं तर."

तो काही बोलला नाही. उठून त्यानं मला खिडकीची जागा दिली आणि दिघंचीला उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवला. कांदा लावल्यापासून फूल यायला तेवढे आठवडे लागतात, असं पाकिटावर छापलं होतं, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

घरी पोचलो तो शनिवार, बाजाराचा दिवस. आई नुकतीच पिशव्या घेऊन आली होती.

"केवढ्याला दिलं कांदं?"

"सहाशेला."

"पोतं?"

"दोन."

"सहाशेला दोन पोती? सस्त पडलं की रं!"

"दोन पोती नाही आई. दोन कांदे."

आई मटकन खाली बसली. घेरी आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावतात, पण त्या क्षणी हाताशी होते ते दोन कांदे ३०० रुपये नगाचे. बायकोनं दोन्हींकडं बघितलं आणि पाणी मारून काम भागवलं.

माझ्या बचावाला मी इतिहास काढला. म्हटलं, सतराव्या शतकात हॉलंडात लोकांनी ट्युलिपच्या एकेका कांद्यासाठी घर गहाण टाकायच्या गोष्टी केल्या. १६३७ च्या फेब्रुवारीत तो सगळा बाजार कोसळला. तिथली एक गोष्ट सांगतात की, एका खलाशानं असला एक मोलाचा कांदा साधा कांदा समजून माशाबरोबर खाऊन टाकला. आईला त्या गोष्टीतला फक्त खलाशी आवडला. "शाना हुता," म्हणाली. मग मी घरचं उदाहरण दिलं. २०२० साली आपल्याच आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं तरी दिला नाही. तेव्हा ३५० च्या कांद्याला हसायचा आटपाडीकरांना अधिकार नाही.

"त्यो मेंढा हुता," आई म्हणाली. "त्येला चार पाय हुतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर कांद्याशी माझं नातं जुनं आहे. गेली बावीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतोय की कांदा हे मूळ नसून रूपांतरित खोड आहे. हमखास येणारा एक मार्काचा प्रश्न. पण या बावीस वर्षांत मी स्वतः मातीत काही लावलं असेल तर ते बक्षीस समारंभाला मिळालेलं रोप, आणि तेही शिपायानं खड्डा काढून दिल्यावर. या कांद्याच्या निमित्तानं मी पाकीट वाचलं, पुस्तकं वाचली, मोबाईलवर रात्रीचे बारा-बारा वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. त्यातून पहिलं ज्ञान मिळालं ते असं की, ज्याला सगळं जग अमॅरिलिस म्हणतं ते अमॅरिलिस नाहीच.

हे प्रकरण थेट तलाठी कचेरीतलं वाटावं असं आहे. १७५३ साली लिनियसनं अमॅरिलिस हे नाव पुस्तकात चढवलं. त्यावर दोन वारस उभे राहिले: एक दक्षिण आफ्रिकेतला, एक दक्षिण अमेरिकेतला. १८२१ मध्ये विल्यम हर्बर्ट नावाच्या पाद्र्यानं अमेरिकेतल्या भावाला हिप्पीॲस्ट्रम, म्हणजे घोडेस्वाराचा तारा, असं भारदस्त नाव देऊन वेगळं घातलं. तरी भांडण मिटेना. शेवटी १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेत निकाल लागला आणि सातबारा आफ्रिकेतल्या भावाच्या नावावर झाला. आपण कुंडीत लावतो तो अमेरिकेतला. म्हणजे नाव एकाचं, कसतोय दुसरा. २३४ वर्षं! आमच्याकडं बांधाचा दावा तीन पिढ्यांत तरी मिटतो, निदान दावा लावणारे तरी मिटतात.

आईनं हा वाद दोन दिवसांत निकाली काढला. तिच्या जिभेवर अमॅरिलिस बसेना, हिप्पीॲस्ट्रमची तर गोष्टच नको. तिनं त्याचं नाव ठेवलं अमरीश. "आमरीश उटला का?", "आमरीशला उनात ठिवा की रं", असं सुरू झालं आणि शिकायला ठेवलेला भाचा घरात वावरावा तसा तो कांदा घरात वावरू लागला. मी समजावलं की, आई, अमॅरिलिस हे जुन्या लॅटिन कवितेतल्या मेंढरं राखणाऱ्या पोरीचं नाव आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर मेंढकरांच्या वस्तीवर राहायला गेला होता. मी मास्तर असून मेंढकीलाच घरी आणलीय. बायकोनं चमकून मान वर केली. आई म्हणाली, "पोरगी आसंल तर मग येवडी गप कशी?"

लावणीच्या दिवशी पहिली चकमक झडली. हा कांदा लावायची रीत अशी: कुंडी जेमतेम, कांद्याच्या कडेनं दोन बोटं जागा राहील एवढीच, आणि कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग, मानेसकट, मातीच्या बाहेर. पूर्ण पुरला तर मान कुजते. मी मोजून लावला. संध्याकाळी शाळेतून येऊन बघतो तर कांदा गायब. आईनं तो व्यवस्थित गाडून वर माती थापटली होती.

"आरं, उघडा पडला हुता. मास्तर मानूस तू, तुला कांदा लावाय कुटं येतूय?"

मी उकरून वर काढला. सकाळी पुन्हा खाली. चार दिवस असं खालीवर झाल्यावर मी कुंडीवर चिठ्ठी लावली: "कृपया पुरू नये." ती वाचून शेजारचे तात्या हळू आवाजात म्हणाले, "घरात समदं बरं हाय न्हवं?"

पहिले दोन आठवडे काहीच घडलं नाही. पाकिटावर बजावलं होतं की, कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं. मी बेतानंच देत होतो. तरीही तिसऱ्या आठवड्यात एका कुंडीतून वास यायला लागला. बोट लावलं तर कांदा बसक्या फुग्यासारखा आत गेला. उपटून बघितलं तर खालून सगळा पिचपिचीत. चांगला ३५० चा, म्हणजे सवलतीतला ३०० चा माल.

मी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मीच. एकेकाची जबानी घेतली, तेव्हा असं उघडकीस आलं: आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर उरलेला तांब्या अमरीशला घालत होती. बायको दुपारी तांदळाचं धुवण ओतत होती, त्यात सत्त्व असतं म्हणून. मुलगा शाळेतून आल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथंच रिकामं करत होता, कारण बाटली भरलेली परत आली की तो बोलणी खातो. तात्या रोज पेपर वाचायला येतात. बायकोच्या चहात साखर जास्त झाली की ते अर्धा कप गुपचूप कुंडीत सोडत. आणि प्रत्येकानं स्वतंत्रपणे एकच वाक्य सांगितलं: "म्हटलं, कुणी बघतंय का न्हाई त्याच्याकडं."

"आणि तुम्ही?" बायकोनं समितीच्या अध्यक्षांना विचारलं.

"मी फक्त फवारा. सकाळ-संध्याकाळ."

समितीनं अहवाल दिला नाही.

आता गंमत बघा. हे आटपाडी! इथल्या लोकांनी पावसासाठी आयुष्यभर आभाळाकडं माना वर केल्या. टँकर आला की घागरी रांगेत उभ्या राहायच्या आणि सांडलेल्या थेंबाचाही हिशेब व्हायचा. माझ्या आईनं १९७२ च्या दुष्काळात नऊ-दहा वर्षांची असताना खडीच्या कामावर आईबापाबरोबर दिवस काढले, सुकडी खाल्ली. आता टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत थेट आमच्याकडं आणतात. तर एवढं डोंगर चढून आलेलं पाणी आम्ही सगळ्यांनी मिळून एका कांद्यावर ओतलं. मराठीत पाणी पाजणे या शब्दांचा एक अर्थ धूळ चारणे असाही होतो, हे मी वर्गात शिकवत नसलो तरी माहीत होतं. त्याचं प्रात्यक्षिक घरात बघायला मिळालं.

आईला रागावलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तानल्यालं दिसलं की हात ऱ्हात न्हाई रं." मग मी रागावायचं सोडून दिलं. फवारा मात्र सोडला नाही.

दुसरा कांदा वाचला. नुसता वाचला नाही, तर मोकाट सुटला. पाच, सहा, आठ पानं. हातहातभर लांब, पट्ट्यासारखी, तकतकीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पानं खिडकीकडं झुकायची म्हणून मी रोज कुंडी थोडी फिरवायचो. बायकोही फिरवायची. आई तर जाता-येता फिरवायची. त्यामुळं दिवसाकाठी अमरीशची पूर्ण प्रदक्षिणा होऊन तो संध्याकाळी पुन्हा होता तिथंच यायचा. फुलाचं मात्र नाव नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "लसूण का?" एक जण म्हणाला, "पात झाली की काढा, आणि येती दोन-तीन बारीला."

या पातीनंच घात केला. भाचीला बघायला पाहुणे आले होते, आणि जागा मोठी म्हणून कार्यक्रम आमच्याकडं. बाहेर पाच माणसं, पोह्यांची पहिली फेरी वाटून झालेली. आत थोरल्या वहिनींच्या लक्षात आलं की दुसऱ्या फेरीला कोथिंबीर नाही. त्यांची नजर खिडकीत गेली. मी बाहेरून बघतोय तर वहिनी एका हातात अमरीशचं पान आणि दुसऱ्या हातात कात्री घेऊन उभ्या. या झाडात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, कांद्यात सगळ्यात जास्त. ते पोटात गेलं की माणूस ओकून बेजार होतो. हे मी वाचलेलं होतं. त्यामुळं मी बसल्या जागेवरून ओरडलो,

"वहिनी, ते पोह्यांत घालू नका! विष आहे ते!"

बाहेर पाच चमचे पाच ठिकाणी थांबले. मुलाच्या वडिलांच्या तोंडात घास होता. तो गिळावा की कसं, या विचारात ते माझ्याकडं बघत राहिले. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "घाबरू नका. जीव जात नाही सहसा. नुसत्या उलट्या होतात."

मुलाच्या आईनं बशी अलगद खाली ठेवली. "माझा आज गुरुवार हाय," म्हणाल्या.

त्या दिवशी रविवार होता.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. अजून कळवतायत. माझी बहीण तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि माझ्याकडं तिचं काही काम नसतं.

त्या रात्री मी कुंडी उचलून उकिरड्याकडंच निघालो होतो. दारात तात्या भेटले. तात्यांची चार एकर डाळिंबाची बाग आहे. तेल्या, मर, गारपीट, पडलेला भाव, सगळ्याला पुरून उरलेला माणूस.

"सर, ताण दिला का?"

"ताण मला आलाय तात्या."

"तुमाला न्हवं, ह्येला." त्यांनी एक पान चिमटीत धरून बघितलं. "माजलंय. आवो, डाळिंबाचा बार धराय आदी पानी तोडाय लागतंय. म्हैना-दीड म्हैना थेंब न्हाई. पानं पिवळी पडत्यात, गळत्यात. झाडाला वाटलं पायजे, आता आपलं काय खरं न्हाई. मग ते फुलतंय. मृग धरा, हस्त धरा, आंबेबार धरा, ताण चुकत न्हाई. प्वाट भरल्यालं झाड कशाला फुलंल? त्येला काय गरज?"

घरात येऊन मी पाकीट पुन्हा काढलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच: पानं भरपूर वाढून कांदा भरला की पाणी बंद करून आठ-दहा आठवडे कोरड्या, थंड जागी विश्रांती द्यावी. ज्याला ते विश्रांती म्हणतात त्यालाच आटपाडीत ताण म्हणतात, एवढाच फरक. म्हणजे आख्ख्या दुष्काळी तालुक्यात दुष्काळ पडत नाही म्हणून अडून बसलेलं हे एकच झाड असणार, आणि ते माझ्या खिडकीत होतं. दाराबाहेर शंभर पावलांवर याची सगळी विद्या, आणि मी बारा-बारा वाजेपर्यंत व्हिडिओ बघत होतो.

दिवाळी झाल्यावर अमरीशला कोठीच्या खोलीत बंद केलं. कुलूप लावलं, किल्ली कडदोऱ्याला. घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. आई जेवताना म्हणायची, "आपुन खातूय, पितूय, आनि त्ये बिचारं आत." एका रात्री दोन वाजता खुडबुड ऐकून उठलो तर आई तांब्या घेऊन कोठीच्या दाराशी.

"काय करतीस?"

"फटीतनं ओतलं तर पोचंल का बगतीया."

मुलानं किल्ली कुठं असते याची चौकशी केली. बायकोनं "नुसता ओला हात लावते" अशी सवलत मागितली. तात्या, ज्यांनी हा सल्ला दिला तेच, म्हणाले, "येक घोट चालतूय म्हना." आणि एकदा भर दुपारी, घरात कुणी नसताना, मी स्वतः फवारा घेऊन कुलपापर्यंत गेलो होतो. ही गोष्ट मी चौकशी समितीपासून आजवर लपवली आहे. त्याच आठवड्यात कालव्याला आवर्तन सुटलं होतं. शिवारभर पाणी खळाळत होतं आणि आमच्या कोठीत एक कांदा एकटाच दुष्काळ भोगत होता.

संक्रांतीला दार उघडलं. पानं वाळून चोथा झालेली. कुंडी खिडकीत आणली, एकदाच पाणी दिलं. वीसेक दिवसांनी कांद्याच्या मानेतून, बाजूनं, एक चपटं हिरवं टोक वर आलं. पान नव्हे. टोकाला पोपटाच्या चोचीसारखी मिटलेली कळी. मग तो दांडा जो सुटला, दिवसाला जवळजवळ इंच! मी शाळेतली पट्टी घरी आणली. रोज सकाळी सहाला मोजायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची. मुलगा म्हणाला, "पप्पा, माझी उंची कधी मोजली नाही तुम्ही." त्याचीही मोजली. त्यानं अमरीशपेक्षा बराच कमी वेग दाखवला.

सगळी गल्ली बघायला यायला लागली. अजून फूल उमललं नव्हतं, पण श्रेय उमललं होतं. बायको म्हणाली, तांदळाच्या धुवणाचं सत्त्व कांद्यात साठून राहिलं होतं. तात्या म्हणाले, सल्ला माझा. मुलगा म्हणाला, कुंडी मी उन्हात सरकवली. वहिनींनीही निरोप पाठवला की, बरं झालं, मी पात कापली नाही. १७९९ च्या सुमाराला इंग्लंडात आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीनं यातला पहिला संकर केला, त्याचं तर कुणी नावसुद्धा घेतलं नाही.

चोच फुटली. आत चार कळ्या. पहिली कळी लाल झाली, फुगली, उद्या उमलणार एवढ्यावर आली. त्या दिवशी माझी दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षणाची ड्युटी. तीन तास मी पोरांवर नजर ठेवून होतो, पण मन खिडकीत. एका पोराला मी पुरवणीऐवजी पाण्याचा ग्लास दिला. सुटल्यावर गाडी अशी पळवली की शुक ओढ्याचा पूल कधी मागं गेला कळलं नाही. मोबाईल हातात धरून, चप्पल न काढता खिडकीशी गेलो.

दांडा होता. तीन मिटलेल्या कळ्या होत्या. चौथ्या जागी नखानं खुडल्याची ओली खूण होती.

"आई!"

"देवाला वाहिलं की," आई देवघरातून म्हणाली. "सकाळी उमाललं. काय रं फूल! पैलं फूल देवाचं आसतंय. न्हाईतर लावायचं कशापायी?"

दीड वर्षं. ६०० रुपये. एक मोडल्यात जमा झालेलं स्थळ. मी देवघरात डोकावलो. आमचे देव सगळे बोटबोटभर उंचीचे, आणि फूल चांगलं वीतभर रुंद, लालभडक, मधून पांढरी रेघ. आईनं ते सिद्धनाथाच्या टाकावर वाहिलं होतं, म्हणजे आता तिथं सिद्धनाथ दिसत नव्हता, बाळकृष्ण दिसत नव्हता, घंटीची फक्त दांडी दिसत होती. पुढं समई तेवत होती आणि आई डोळे मिटून, हात जोडून, सरळ सरळ अमरीशच्या पाया पडत होती.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळानं आई येऊन शेजारी बसली. बराच वेळ गप्प होती. मग चोरट्या आवाजात म्हणाली, "आजून तीन कळ्या हायत्या. आता तरी घालू का रं त्येला घोटभर पानी?"

दुष्काळ संपला होता. मी म्हणालो, "घाल."

तेवढ्या एका शब्दावर घरात एकदम पाच भांडी वाजली. तांब्या आईचा, पातेलं बायकोचं, बाटली पोराची, कपबशी तात्यांची. पाचवा आवाज फवाऱ्याचा होता आणि तो माझ्या हातात कधी आला, हे मलाही सांगता येणार नाही.